रागाचा रकाना

हे लिहायला बसण्याआधी मी जेवले आहे, काल साडेसात तास झोपले आहे आणि सकाळची गोळी वेळेवर घेतली आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी बऱ्याच ठिकाणी चिडणार आहे, आणि मनाचा आजार असलेली बाई चिडलेली दिसली की लोक आधी तिच्या गोळ्यांची चौकशी करतात. ती चौकशी झाली असं समजा आणि पुढे वाचा.

माझं नाव वैशाली. माहेर नातेपुत्याचं, सासर सोलापूरचं. शाळेत शिक्षिका होते, म्हणून अजूनही सगळे मला बाई म्हणतात. मला बायपोलर आहे. मन कधी वारं प्यायल्यागत उधळतं, कधी महिनोन् महिने उठून बसत नाही. लक्षणं किती आणि औषधं कोणती ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, त्यांना ते माझ्यापेक्षा बरं सांगता येतं. मी सांगणार आहे ते या आजारासोबत राहायचं कसं, आणि आजाराच्या नावाखाली आपल्याकडून काय काय काढून घेतात ते. त्यातलं एक मीच दुसरीकडून काढून घेतलं होतं. खरं तर त्यासाठीच लिहिते आहे.

भिंत

चौदा वर्षांपूर्वी एका सकाळी, प्रार्थनेच्या आधी, मी शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर मुलांची नावं रंगवायला घेतली. आधी माझ्या वर्गाची, मग बाकीच्या वर्गांची, मग शाळा सोडून गेलेल्यांची. पटावरून नाव कमी झालेल्या मुली मला एकेक आठवत होत्या. एकदा शाळेत आलेलं पोर कायमचं शाळेचं, असं माझं म्हणणं होतं. ते मला आजही पटतं. फक्त तेव्हा मी तीन दिवस झोपले नव्हते, सोलापूरच्या एप्रिलमध्ये अनवाणी बाकावर चढून उभी होते आणि मुख्याध्यापक खाली उतरा म्हणाले तेव्हा मी बाकावरूनच त्यांना हजेरी द्यायला लावली. त्यांनी बिचाऱ्यांनी दिली.

माझे यजमान श्रीकांत कॉलेजात क्लार्क आहेत. ते स्कूटरवर आले. भिंतीवरची नावं त्यांनी शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "वैशाली, हात रंगलेत तुझे. चल, धुऊ." त्या एका वाक्यावर मी त्यांच्या मागे बसले. माझ्याशी त्या दिवशी सरळ बोललेलं ते शेवटचं वाक्य होतं.

कारण डॉक्टरांनी सगळं श्रीकांतना विचारलं. झोपतात का? जेवतात का? बडबड वाढलीय का? मी दोघांच्या मधल्या खुर्चीत बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. शेवटी मी म्हटलं, "मी इथंच आहे." डॉक्टरांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. पुढे कितीतरी वर्षांनी मला ती फाइल वाचायला मिळाली. लिहिलं होतं: मध्ये मध्ये बोलते.

आजाराचं नाव सांगून झाल्यावर श्रीकांतनी एकच प्रश्न विचारला. "आमच्या मुक्ताला होईल का?" मुक्ता आमची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. त्या प्रश्नासाठी मी वर्षभर मनातल्या मनात त्यांचा दुस्वास केला. मग एका तपासणीच्या वेळी तोच प्रश्न मी स्वतः विचारला, तेव्हा दुस्वास संपला.

चष्मा

वॉर्डात घेताना अंगावरचं काढून घेतात. नाडी, ओढणी, मंगळसूत्र, करगोटा, जे जे बांधता येतं ते. कारण सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलून दाखवत नाही. मंगळसूत्र काढल्यावर मला गळा हलका वाटला, आणि तसं वाटल्याची लाज वाटली. पण माझा चष्माही काढून घेतला, काच म्हणून. माझा नंबर मोठा आहे. दोन दिवस मला माणसांच्या जागी नुसते डाग दिसत होते. डागांकडे काय बघायचं म्हणून मी खाली बघत बसायचे. केसपेपरवर नोंद झाली: नजरेला नजर देत नाही.

बाकी दिवस ठरलेला. सहाला चहा, आठला उप्पीट, नऊला गोळी. गोळी गिळली की तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. मी वर्गात पोरांना नखं दाखवा म्हणायचे, ते आठवायचं. दुपारी भिंतीच्या सावलीत बसायचं, चारला पुन्हा चहा. भीती मात्र ठरलेल्या वेळी यायची नाही. ती केव्हाही यायची, आणि एकाच गोष्टीची असायची. आता यापुढे मी जे बोलेन ते मीच बोलले असं कुणी धरेल का, याची.

तिथं झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातल्या कपाटातून माझा चष्मा पदरात लपवून आणला. "धा मिनटं बगा आन् माघारी द्या," म्हणाल्या. त्या दहा मिनिटांत मी आधी मावशींचाच चेहरा बघितला. गालावर गोंदण होतं, पुढचा एक दात नव्हता. माझ्या आजारात मला ज्यांनी बरं केलं त्यांची यादी केली तर या मावशी बऱ्याच वर असतील. त्यांचं नाव मी विचारलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

फ्रिजवरचा डबा

घरी आल्यावर शाळेनं मला वर्ग दिला नाही, ऑफिसात बसवलं. पोरांपासून लांब. मी राजीनामा दिला आणि त्यानंतरचं दीड वर्ष अंथरुणात काढलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. छताला पंखा होता, तो फिरायचा.

हळूहळू मी उठले. स्वयंपाक करू लागले, मुक्ताचा अभ्यास घेऊ लागले, आणि कधीतरी चिडूही लागले. तेव्हा मला फ्रिज कळला. माझ्या गोळ्यांचा स्टीलचा डबा फ्रिजवर असायचा. माझा आवाज जरा वर गेला की श्रीकांत काही बोलत नसत, फक्त त्यांची नजर डब्याकडे जायची. दूध उतू गेलं आणि मी ओरडले, नजर डब्याकडे. नणंदबाई माझ्यासमोर माझ्याबद्दल "आता बरी असते का हो ती?" असं म्हणाल्या, मी ताट सरकवून उठले, नजर डब्याकडे. सोसायटीचं पाणी चार दिवस आलं नाही आणि मी सेक्रेटरींना चार शब्द सुनावले. अख्खी सोसायटी भांडत होती, पण डब्याकडे नजर गेली ती फक्त माझ्या घरात.

मी काय करत असे सांगू? मी गप्प बसायला शिकले. राग आला की आधी स्वतःशीच हिशेब करायचे, काल किती झोपले, सकाळची गोळी घेतली का, हा राग माझा की आजाराचा. हिशेब होईपर्यंत भांडण संपलेलं असायचं आणि समोरचा जिंकलेला असायचा. लोक म्हणायचे, वैशाली किती शांत झाली. मी शांत बिंत काही झाले नव्हते.

मुक्ता अकरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शाळेनं फेरमूल्यमापनाला नकार दिला म्हणून मी फोनवर तिच्या शिक्षिकेशी तावातावानं बोलत होते. श्रीकांतची मान वळली. मुक्ता वहीतून डोकंही वर न काढता म्हणाली, "बाबा, फ्रिजकडे नका बघू. आई बरोबर बोलतीय." श्रीकांत लाजले. त्या दिवसापासून त्यांनी सुधारायला घेतलं, आणि मी त्यांना माफ करायला घेतलं. दोन्ही कामं अजून चालू आहेत.

सोबती

सहा वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात औषधं घेते तिथं एक नवं काम सुरू झालं. ज्यांना स्वतःला मनाचा आजार झाला आणि जे त्यातून उभे राहिले, अशांना शिकवून नव्या पेशंटांच्या सोबतीला द्यायचं. कागदावर त्याला पीअर सपोर्ट वर्कर म्हणतात. आम्ही सोबती म्हणतो. सोबती औषध देत नाही, उपदेशही करत नाही. नव्या पेशंटाशेजारी बसतो आणि सांगतो, मलाही झालं होतं, मी इथंच पलीकडच्या खाटेवर होते. समोरचा पहिल्यांदा मान वर करून बघतो. मला तो क्षण वर्गात पोराला पहिल्यांदा वाचता आलेल्या क्षणाइतका आवडतो.

चार वर्षं मी सोबती होते. मग मला पाच सोबत्यांची सुपरवायझर केलं. दर मंगळवारी आमची बैठक होते. गेल्या आठवड्यात कुणाकडे गेलात, काय अडलं, काय जड गेलं, हे प्रत्येकानं बोलायचं. दुसऱ्याचं दुःख ऐकून आपलं जुनं उकरून निघतं, त्याला जागा लागते. मी मास्तरीण, म्हणून मी एक मोठी वही केली. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने. झोप आणि गोळ्या. आधी स्वतःची तब्येत, मग काम, असं मी मोठ्या ऐटीत सांगायचे. रुग्णालयाचे डॉक्टर पाहुण्यांना ती वही कौतुकानं दाखवायचे.

माझ्या पाच जणांत शिवलीला सगळ्यात तिखट. वळसंगची, पस्तिशीची, लिंगायत घरातली, मराठी-कानडी दोन्ही घरचंच. तिला आवाज ऐकू यायचे. "अजून बी येत्यात की, बाई," ती सांगते, "पर आता शेजारच्या घरातला टीव्ही असतो बगा, तसं. चालू असतोय. आपण आपली भाकरी थापायची." अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत कामाला असलेले आमचे काही पेशंट आहेत. मागांच्या खडखडाटात गुपित बोलता येत नाही, म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत तिथं जाते, बायकांच्या डब्यात चटणी-भाकरी खाते आणि येताना त्यांच्या मनातलं सगळं घेऊन येते. मला ते कधी जमलं नाही.

नीलव्वा अज्जी

मागच्या वर्षी एका बुधवारी वॉर्डात नीलव्वा नावाच्या आजी भरती झाल्या. साठीच्या, अक्कलकोटच्या बाजूच्या, कानडीशिवाय फारसं बोलत नसत. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. ताट आलं की भिंतीकडे तोंड करायच्या. केसपेपरवर नोंद झाली: अन्न नाकारते, संशय घेते.

शुक्रवारी शिवलीला त्यांच्याशेजारी जाऊन बसली. "ऊटा याक माडिल्ल, अज्जी?" का जेवला नाहीत, असं तिनं कानडीत विचारलं. आजींनी गळ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लिंग इल्ल." लिंग नाही.

शिवलीलाला सगळं कळलं. लिंगायत लोकांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. ते जन्मभर अंगावरून उतरवायचं नाही, आणि रोज ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, असं पाळणारी जुनी माणसं अजून आहेत. भरती करताना दोरीसकट ते काढून घेतलं होतं. नियमाप्रमाणे. आजी कुणावर संशय घेत नव्हत्या. त्यांची पूजा राहिली होती, बस.

शिवलीला तरातरा काउंटरवर गेली. तिथं लता सिस्टर होत्या, वीस वर्षं या वॉर्डात काढलेल्या. शिवलीलानं लिंग मागितलं. सिस्टरांनी कपाट उघडलं, आजींच्या वस्तूंचं पाकीट नव्हतं. त्या भरतीची नोंदवही बघायला लागल्या, तेवढ्यात शिवलीलाचा आवाज चढला.

"कुटं घातलं? चांदी दिसली म्हून गिळलं व्हय? दोन दिस झालं म्हातारी उपाशी हाय, आन् तुमी लिवताय संशय घेती. चोर तुमी आन् संशयी ती व्हय?"

सगळा वॉर्ड बघत होता. पेशंट, नातेवाईक, सगळे. सिस्टर नोंदवहीत पान शोधत राहिल्या.

पाकीट चोरीला गेलंच नव्हतं. भरतीच्या दिवशीच आजींच्या मुलानं ते सही करून घरी नेलं होतं. वहीत सही होती. म्हणजे आजी का जेवत नाहीत, हे शिवलीलानं बरोबर ओळखलं होतं, आणि सिस्टरांवर घेतलेला आळ साफ खोटा होता. दोन्ही एकाच तोंडानं, एकाच दमात.

मी काय केलं

मला खाली बोलावणं आलं. मी गेले तेव्हा शिवलीला जिन्यात उभी होती. मी तिला आजींबद्दल विचारलं नाही. काय झालं, असंही विचारलं नाही. मी आवाज मऊ केला. तो मऊ आवाज मला चांगला ओळखीचा आहे, चौदा वर्षं मी तो ऐकत आले आहे. आणि मी म्हटलं, "शिवलीला, गोळ्या चालू आहेत ना तुझ्या?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमी बी?"

"तसं नाही गं, पण—"

"माजं डोस्कं फिरलं न्हाय. मला राग आलाय. लई राग आलाय. त्यो मला येऊ द्या की."

ती निघून गेली. मी वर आले, वही उघडली आणि तिच्या नावापुढे लिहिलं: चिडचिड वाढली आहे. आजार उलटण्याची शक्यता. काही काळ विश्रांती द्यावी. अक्षर सुरेख आलं होतं. मी जबाबदार सुपरवायझर होते ना.

संध्याकाळी डॉक्टरांनी ती नोंद वाचली. निर्णय होईपर्यंत शिवलीलानं घरी थांबावं, असा निरोप गेला. सोमवारी बैठक ठरली. तिला कामावरून कमी करणार, हे सगळ्यांना कळत होतं. विश्रांती हा शब्द मीच पुरवला होता. मलाही शाळेनं विश्रांती म्हणूनच ऑफिसात बसवलं होतं.

श्रीकांत

घरी आल्यावर मी श्रीकांतना सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, तू काळजीपोटीच केलंस. ते शेंगा निवडत बसले होते. निवडता निवडता म्हणाले, "म्हणजे तू पण फ्रिजकडेच बघितलंस की."

मी भडकले. म्हटलं, तुमचं वेगळं, माझं वेगळं, मी सुपरवायझर आहे, मला लक्ष ठेवावंच लागतं, उद्या तिला काही झालं असतं तर? मी चांगला अर्धा तास बोलले. श्रीकांत फ्रिजकडे न बघता ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मलाही हेच वाटायचं. उद्या तुला काही झालं तर. म्हणून बघायचो."

मग मी रडले. आजारात पुष्कळ रडले होते, त्यातलं हे नव्हतं. हे केलेल्या चुकीचं रडणं होतं आणि त्यावर कुठलीही गोळी नव्हती.

ही चूक माझ्यासारखीच करू शकते, हे मला त्या संध्याकाळी कळलं. डॉक्टरांनी शिवलीलाला तोच प्रश्न विचारला असता तर तिनं तो झटकून टाकला असता, ते विचारणारच असं धरून. मी विचारला म्हणून तो तिच्या जिव्हारी लागला. आणि मी का विचारला? कारण मला तिची लाज वाटली. आमच्यातली एक सगळ्यांसमोर ओरडली, आता आम्हा सगळ्यांना वेडं ठरवतील, ही माझी भीती होती. ज्या लोकांनी माझा चष्मा काढून घेतला त्यांच्यापुढे मला शहाणं दिसायचं होतं.

आणखी एक गोष्ट. शिवलीला चुकली होती. तिनं एका भल्या बाईला चोर म्हटलं होतं. पण चुकणं आणि आजारी पडणं या दोन गोष्टी आहेत. डोकं जाग्यावर असलेली माणसं रोज कुणावर ना कुणावर आळ घेतात. आमच्या सोसायटीत तर दर महिन्याच्या मीटिंगला घेतात. त्यांना कुणी विचारत नाही की काल झोप झाली का. त्यांना म्हणतात, तुम्ही चुकलात, माफी मागा. तेवढं तरी आमच्या वाट्याला येऊ द्या. आम्हाला चुकूही देत नाहीत, आमच्या चुकीलाही आजाराच्याच खात्यात टाकतात, आणि मग आम्ही सुधारायचं ते कुठून?

सोमवार

सोमवारी सकाळी बैठकीआधी मी लता सिस्टरांकडे गेले. त्यांच्याकडून मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, शुक्रवारीच त्यांनी आजींच्या मुलाला फोन करून लिंग परत आणायला लावलं होतं. दोरी काढून डबी काउंटरवर ठेवतात, सकाळी अंघोळ झाली की आजी सिस्टरांच्या समोर बसून तळहातावर पूजा करतात आणि डबी परत देतात. शनिवारी आजींनी दीड भाकरी खाल्ली होती. दुसरी म्हणजे, त्याच शनिवारी शिवलीला वळसंगहून एसटीनं येऊन गेली होती.

"एकटीच आली," सिस्टर म्हणाल्या. "म्हणाली, आळ घेतला ते चुकलं, माफ करा. बाकीचं चुकलं न्हाय. मी म्हटलं, बस, चहा घे."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. अजून आहे थोडा." त्यांनी चादरीची घडी घातली. "पण बाई, दोन दिवस म्हातारी का जेवत नाही हे मला कळायला नको होतं का? वीस वर्षं इथं आहे मी."

बैठकीत डॉक्टर, मी, लता सिस्टर आणि ऑफिसचे एक साहेब. वही टेबलावर होती, माझ्या सुरेख अक्षराचं पान उघडून. डॉक्टर चांगले गृहस्थ आहेत, सोबत्यांचं काम त्यांनीच भांडून सुरू केलं. ते म्हणाले, शिवलीलाच्या भल्यासाठीच तिला काही महिने थांबवू.

मी म्हटलं, "ती नोंद चुकीची आहे, सर. ती मी केली आहे."

मी सगळं सांगितलं. जिन्यातला मऊ आवाज, माझी भीती, सगळं. सांगताना माझा आवाज वर गेला असणार. जाऊ दिला. मी म्हटलं, तिनं आळ घेतला त्याबद्दल इतर कुठल्याही कर्मचाऱ्याला जे मिळालं असतं ते तिला द्या. आजारी म्हणून घरी बसवू नका. बसवायचं असेल तर आधी मला बसवा, कारण या प्रकरणात खोटी नोंद फक्त माझी आहे.

 डॉक्टर पुढे झुकले. आवाज मऊ होता.

"वैशालीताई, तुम्ही हे फारच मनाला लावून घेताय. तुमची झोप होतेय ना नीट?"

तेरा वर्षं मी या प्रश्नाला मान खाली घालून उत्तर दिलं होतं. त्या दिवशी मी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं त्यांच्या.

"साडेसात तास," मी म्हटलं. "तुमची, सर?"

लता सिस्टरांनी पदर तोंडाला लावला. साहेब फाइल चाळायला लागले. डॉक्टरांनी डोळे चोळले. मग खुर्चीत मागे टेकले.

"चार," ते म्हणाले. "साडेचार."

"गोळीचं मी विचारत नाही. पण झोपत जा," मी म्हटलं. ते हसले. मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, नोंद खोडा.

मी खोडली नाही. खोडली असती तर ती कधी झालीच नव्हती असं झालं असतं. मी तिच्याखाली लिहिलं: वरची नोंद चुकीची आहे. शिवलीला यांना राग आला होता. त्यांनी सिस्टरांवर खोटा आळ घेतला, ती त्यांची चूक. त्यांना आजारी ठरवलं, ती माझी चूक. खाली सही केली.

शिवलीलाला मेमो मिळाला. वर्तणूक सुधारावी, असा, जावक क्रमांकासकट. तिनं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "बाई, आजवर मला नुसत्या चिठ्ठ्याच मिळाल्या, औषधाच्या. मेमो पयल्यांदाच. फ्रेम करून लावू का?"

मंगळवार

तुमच्या घरात हा आजार आला असेल तर गोळ्या घ्या. झोप सांभाळा. मी रोज सांभाळते, आणि एकदा गोळ्या बंद करून काय होतं तेही बघून झालंय. माझं भांडण गोळीशी नाही. माझं भांडण आहे ते गोळीकडे वळणाऱ्या नजरेशी, आणि ती नजर दुसऱ्यांची असते तशी आपलीही असते. राग आला तर आधी कशाचा आला ते बघा. बहुतेक वेळा समोर काहीतरी असतं.

त्या सोमवारनंतरच्या बैठकीत मी नवं पान घेतलं. झोप आणि गोळ्या या दोन रकान्यांच्या आधी एक रकाना आखला आणि वर लिहिलं: या आठवड्यात राग कशाचा आला. सोबत्यांनी एकमेकांकडे बघितलं. असा रकाना त्यांच्या आयुष्यात कुणी आखला नव्हता. पहिलं नाव शिवलीलाचं होतं.

मी विचारलं, "बोल. कशाचा आला?"

तिनं जराही वेळ लावला नाही. "तुमचा, बाई."

पंखा फिरत होता. बाकीचे चौघे खाली बघत होते. माझा हात थांबला होता, पण मी हिशेब केला नाही की हिची गोळी झाली का. मी पेन टेकवलं आणि रकान्यात लिहिलं: बाईंचा. मग वही तिच्याकडे फिरवली. तिनं वाचलं, शब्दावर बोट ठेवून, सावकाश, आणि शेजारी सही केली.

"आता कामाचं सांग," मी म्हटलं.

"सांगती की," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढली.